धागा: लांबच्या ओळखीतून नोकरी (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलामुलींसाठी)

येळ्ळूरकर

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी गणपतीचं विसर्जन झालं आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या युनिटची दुसरी पाळी बंद झाली. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं छोटं युनिट. ऑर्डर आटली, मालकांनी हात जोडून सांगितलं, आम्ही नऊ जण घरी. माझा डिप्लोमा मेकॅनिकल, सहा वर्षं क्वालिटीला काढलेली. पहिले दोन महिने सगळे करतात तेच केलं. बायोडाटाच्या चाळीस झेरॉक्स काढल्या, गाडीला किक मारली आणि उद्यमबाग, मच्छे, होनगा असा गेटागेटावर फिरलो. वॉचमन कागद घ्यायचा आणि ड्रॉवरमध्ये टाकायचा. मामा, आत्याचे मिस्टर, गल्लीतले दादा, सगळ्यांना सांगून झालं. "बघतो रे" म्हणायचे, आणि मनापासून बघायचेसुद्धा. पण त्यांना माहीत असलेली युनिटं म्हणजे मला माहीत असलेलीच युनिटं. ते ज्याला विचारायचे त्याला मी आदल्या दिवशी विचारून आलेला असायचो.

आज मी चाकणला आहे. ज्या माणसामुळे इथे लागलो त्याला मी आजवर दोनदाच समोरासमोर भेटलोय. ओळख लिंक्डइनवरची, म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखींसाठी असलेल्या साइटवरची.

धागा काढायचं कारण असं, की दिवाळीला गावी आलो तेव्हा माझ्याच शाळेतली पाच-सहा पोरं तशाच झेरॉक्स घेऊन फिरताना दिसली. फार वाईट वाटलं. खातं सगळ्यांचं आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कुणीतरी उघडायला लावलेलं. फोटो नाही, आणि नावाखाली एकच ओळ: 'चांगल्या संधीच्या शोधात'. माझंही तेच होतं.

ती ओळ मी आधी बदलली. तिथे २२० अक्षरं मावतात. मी लिहिलं: 'क्वालिटी इन्स्पेक्टर, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडी, होनिंग आणि बोअर तपासणी, सीएमएम, एअर गेज, ६ वर्षं, पुणे-कोल्हापूरला यायला तयार'. (सीएमएम, एअर गेज ही मोजमापाची साधनं.) इंग्रजीतच लिहिलं, कारण माणूस शोधणारा तिथे 'संधी' असा शब्द टाकून शोधत नाही. तो मशीनचं नाव टाकतो, कामाचं नाव टाकतो.

मग एक गोष्ट लिहिली. आमच्याकडे एका जॉबचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, होनिंग मशीनवरून (ते भोक घासून नेमक्या मापाला आणणारं मशीन) काढल्या काढल्या मोजलं की पास व्हायचं, आणि तासाभराने फायनलला तेच बोअर लहान लागायचं. दोन दिवस ऑपरेटर आणि क्वालिटी एकमेकांवर ढकलत होते. शेवटी जॉबला हात लावून बघितला तर कोमट. कास्ट आयर्न तापलं की वाढतं. २५ मिलीमीटरच्या बोअरला १० अंशांचा फरक असला तर जवळपास ३ मायक्रॉन होतात, आणि आमचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरक, तेवढ्यातला. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश. मग आम्ही होनिंगजवळ एक रॅक ठेवला, जॉब तिथे निवल्याशिवाय मोजायचा नाही असं ठरवलं, आणि वाद मिटला. एवढंच लिहिलं. सोबत वहीच्या पानावर पेनने काढलेली आकृती.

त्याला लाइक आले अकरा. पण त्या अकरांत चाकणचे एक क्वालिटी मॅनेजर होते. ते माझ्या कॉलेजच्या एका सिनिअरच्या ओळखीचे, मला सर्वस्वी अनोळखी. त्यांनी खाली विचारलं, "निवायला किती वेळ देता?" मी उत्तर दिलं. पुढे पंधरा दिवस अधूनमधून असंच बोलणं चाललं. नोकरीचा विषय न मी काढला, न त्यांनी. मग एक दिवस मीच विचारलं, "सर, तुमच्याकडे इन्स्पेक्शनला माणूस घेताना काय बघता?" त्यांनी सांगितलं, आणि शेवटी लिहिलं, बायोडाटा पाठव.

तुमचे प्रश्न, अनुभव लिहा. मला जमेल तेवढं सांगतो.

उद्यमबाग_८८

वाचलं. पोरा, तुझं चांगलं झालं, बरं वाटलं. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे गा.

मी १९८८ सालापासून मशीनवर. आधी टर्नर, मग सेटर, आता सुपरवायझर. माझ्या हातानं पन्नासभर पोरं कामाला लागली असतील. एकाचाही बायोडाटा कॉम्प्युटरवर बघितला नाही. आमच्यात कसं असतंय, एक सेटर दुसऱ्याबद्दल सांगतो: "ह्याला घ्या, हा टूल मोडत नाही आणि सोमवारी दांडी मारत नाही." ही दुसरी गोष्ट कुठल्या प्रोफाइलवर लिहिणार? मालकाला त्याचीच खात्री पाहिजे असते. तेव्हा आयटीआयच्या पोरांनी गेट सोडून मोबाइलवर बसू नये, एवढंच माझं सांगणं.

खानापूरची_लेक

येळ्ळूरकर दादा, खूप आभार. मी बी.कॉम., दोन वर्षं एका टॅक्स कन्सल्टंटकडे आहे. टॅलीवरचे (हिशोबाचं सॉफ्टवेअर) हिशोब आणि जीएसटीचे रिटर्न सगळं मीच बघते. पगार फारच कमी आहे. बेळगाव किंवा कोल्हापूरला अकाउंट्समध्ये जायचं आहे.

माझी अडचण वेगळी आहे. अनोळखी माणसाला मेसेज पाठवायचा म्हणजे हात थरथरतो. शिवाय तिथे मोठ्या पदावर बहुतेक पुरुषच. आमच्या घरी कळलं की मी अनोळखी पुरुषांशी बोलते, तर नोकरी राहील बाजूला आणि मोबाइल आधी जाईल. काय करू?

टिळकवाडी_ते_पुणे

खानापूरची लेक, तुझ्या प्रश्नावर नंतर सविस्तर लिहिते, तो महत्त्वाचा आहे. आधी काकांना उत्तर.

मी मूळची बेळगावची, पुण्यात चौदा वर्षं भरतीचंच काम करते. काका, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. पण आधी दुसरी बाजू. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने लिहिलं, की नोकरीची खबर जवळच्या माणसाकडून कमी आणि लांबच्या ओळखीकडून जास्त येते. बोस्टनजवळच्या एका गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याने खबर दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा होता असं सहात एकानेच सांगितलं. कारण येळ्ळूरकरांनी वर लिहिलंच आहे: मामाला माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं.

पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी सदस्यांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही लांबच्या ओळखी उपयोगी ठरल्या, पण अगदीच परक्या नव्हेत, मधल्या अंतरावरच्या. आणि तुमची बाजू घेणारी गोष्टही त्यातच निघाली. ज्या उद्योगांत कॉम्प्युटरवरचं काम जास्त, तिथे लांबची ओळख चालते. ज्यांत ते कमी, तिथे जवळचीच ओळख जास्त कामाला येते. तेव्हा फाउंड्रीतल्या मोल्डरने आणि सेटरने तुमच्यासारख्या माणसाला धरून राहावं हेच बरोबर. क्वालिटी, डिझाइन, अकाउंट्स, परचेस, सॉफ्टवेअर यांनी मात्र फक्त गेटावर अवलंबून राहू नये.

उद्यमबाग_८८

हे पटलं. असं समजावून सांगितलं म्हणजे आम्हालाही कळतंय.

आता एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. येळ्ळूरकरानं वहीवर आकृती काढली, फोटो टाकला नाही, हे त्यानं फार शहाणपणाचं केलं. आमच्या बाजूच्या शेडमध्ये एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर होता, हुशार पोरगा. मशीनवर जॉब फिरतोय असा व्हिडिओ काढून टाकला. मागे स्टँडला ड्रॉइंग लावलेलं, पार्ट नंबर सरळ वाचता येत होता. व्हिडिओ फिरत फिरत कस्टमरपर्यंत गेला. पोरगा घरी, आणि मालकाला कस्टमरकडे जाऊन माफी मागायला लागली. जॉब कस्टमरचा, ड्रॉइंग कस्टमरचं. विमानाच्या पार्टचं काम करणाऱ्यांनी तर मोबाइल शॉपमध्ये न्यायचाच नाही. काय शिकलो ते लिहा, काय बनवतो ते दाखवू नका.

येळ्ळूरकर

काका, अगदी बरोबर. वरच्या पोस्टमध्ये कंपनीचं, कस्टमरचं नाव कुठेच नव्हतं. माप आणि टॉलरन्सही मी जसेच्या तसे दिले नव्हते. हे आधीच लिहायला हवं होतं.

टिळकवाडी_ते_पुणे

आता खानापूरची लेक.

तुझ्या मनातली भीती खोटी नाही. बायकांना तिथेही नको ते मेसेज येतात. म्हणून सुरुवात आपल्याच कॉलेजपासून कर. लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघड, त्यात माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे कोण कुठल्या शहरात आहे, कुठल्या कंपनीत आहे, काय काम करतं, असं गाळून बघता येतं. त्यातल्या कोल्हापूर-बेळगावच्या, अकाउंट्समधल्या फक्त बायका निवड. दहा जरी निघाल्या तरी पुष्कळ. फोन नंबर प्रोफाइलवर टाकू नकोस, नोकरीसाठी एक वेगळा ईमेल काढ. कुणी पहिल्याच मेसेजला नंबर किंवा फोटो मागितला तर उत्तर न देता ब्लॉक कर, त्यात उद्धटपणा नाही. आणि घरी आईला दाखव, कुणाला लिहिलंस आणि काय लिहिलंस ते. लपवलं की संशय येतो.

फुकटच्या खात्यावरून निमंत्रणासोबत २०० अक्षरांची चिठ्ठी जाते, तीही महिन्याला मोजक्याच जणांना. तेव्हा शब्द जपून. एक लिहून इथे टाक, आपण बघू.

खानापूरची_लेक

ताई, लिहिली. मराठीत टाकते, पाठवताना इंग्रजी करीन:

'नमस्कार मॅडम, मी बी.कॉम. असून मला नोकरीची अत्यंत गरज आहे. मी प्रामाणिक आणि कष्टाळू आहे. कृपया आपल्या कंपनीत मला कोणतेही काम द्यावे ही नम्र विनंती.'

टिळकवाडी_ते_पुणे

बाळ, ही चिठ्ठी मला रोज वीस वेळा येते, आणि वाचताना दर वेळी पोटात कालवतं. पण मी काही करू शकत नाही, कारण 'कोणतेही काम' असं पद कुठल्याच कंपनीत नसतं. तू काय करतेस ते यात कुठेच नाही. महिन्याचं काम मला जसं तोंडाने सांगशील तसं लिही.

खानापूरची_लेक

सांगते. ११ तारखेपर्यंत सगळ्या पार्ट्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायचं. १४ ला २बी येते, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची यादी, मग ती खरेदी रजिस्टरशी लावून बघायची. ज्या सप्लायरने बिल दाखवलेलंच नसतं त्याला फोन करायचा, नाहीतर आमच्या पार्टीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं. २० च्या आत ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. एका पार्टीची तर गेल्या वर्षीची चुकलेली एकतीस बिलं मी शोधून काढली होती. सप्लायरने जीएसटी नंबरातला एक आकडा चुकवला होता, सगळी बिलं भलत्याच्या नावावर गेलेली.

टिळकवाडी_ते_पुणे

एकतीस बिलं! आणि तू 'कष्टाळू' लिहीत होतीस. हे लिही:

'मॅडम, आपल्याच कॉलेजची बी.कॉम. २ वर्षं १४ पार्ट्यांचं जीएसटी बघते, २बीचा मेळ माझ्याकडे. तुमच्याकडे अकाउंट्स टॅलीवर चालतात की एसएपीवर? पुढे काय शिकावं, एवढं विचारायचं होतं.'

पार्ट्यांचा आकडा मी अंदाजे घातलाय, तुझा खरा घाल. काम मागायचं नाही, कामाबद्दल विचारायचं. उत्तर द्यायला समोरच्याला दोन मिनिटं लागतात आणि नकार द्यावा लागत नाही, म्हणून उत्तर येतं. त्या एकतीस बिलांची गोष्ट, पार्टीचं नाव न घेता, तुझी पहिली पोस्ट.

निपाणीकडचा

चांगला धागा. पण वाईटही लिहायला पाहिजे, म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला मेसेज आला, घरबसल्या डेटा एंट्री, महिना २८ हजार. ऑफर लेटर आलं, त्यावर शिक्का, सही, सगळं. मग लॅपटॉपच्या डिपॉझिटचे साडेसहा हजार, परत मिळणारे. मग ट्रेनिंगचे चार हजार. मग व्हेरिफिकेशनचे. वडिलांनी तंबाखूच्या पैशातले काढून दिले होते. तिसऱ्या वेळी मला कळलं. तोवर नंबर बंद. भाऊ दोन महिने कुणाशी बोलला नाही, अजून माझ्या डोळ्यांसमोरून त्याचा चेहरा जात नाही.

नोकरी देणारा पैसे मागत नाही. मागितले की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लाजेपोटी घरात बसू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यातले पैसे गोठवता येतात. आम्ही आठ दिवस लाजेत घालवले.

आणि आखातात जाणाऱ्यांनो, एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघून घ्या. त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी. लाख-दीड लाख मागणारा कायद्याबाहेर मागतोय. टुरिस्ट व्हिसावर कंबोडिया, म्यानमारला 'कॉम्प्युटरचं काम' म्हणून नेलेल्या पोरांना तिथे कोंडून ऑनलाइन फसवणूक करायला लावतात, यावर आपल्या सरकारनेही सावध केलेलं आहे.

येळ्ळूरकर

निपाणीकर, लिहिलंत हे फार बरं केलंत. भावाला सांगा, हा डाव शिकलेल्या, नोकरदार माणसांवरही चालतो. त्याची चूक नाही.

संकेश्वरची_मिरची

दोन शंका. एक, गाव काय लिहायचं, बेळगाव की बेळगावी? माझ्या मार्कशीटवर इंग्रजीत जुनं नाव आहे. दोन, भाषांच्या रकान्यात कन्नड लिहू का? मला बोलता येतं, वाचायला अडखळते. घरातले म्हणतात कशाला लिहितेस.

टिळकवाडी_ते_पुणे

इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, पण शोधणारे दोन्ही स्पेलिंगांनी शोधतात. ठिकाणाच्या रकान्यात आताचं ठेव, आणि खालच्या माहितीत जुनंही एकदा येऊ दे.

कन्नड जरूर लिही. मनात काय आहे ते मला कळतं, मी त्याच घरात वाढले. माझे आजोबा सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात होते. पण हुबळी-धारवाडचे डीलर सांभाळायला माणूस हवा असतो तेव्हा मी स्वतः मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा शोधते, आणि तो आपल्या भागाशिवाय दुसरीकडे सापडत नाही. बोलता येतं, वाचन बेताचं, असं खरं तेच लिही.

वडगावचा_माग

लिंक्डइनच पाहिजे असं नाही. माझा मोठा भाऊ जॅकार्डची डिझाइनं करतो. मागावर काम कमी झालं तेव्हा त्याने स्वतःची जुनी डिझाइनं इन्स्टाग्रामवर टाकायला घेतली, रोज एक, सहा महिने. आता सुरतच्या एका पार्टीचं काम घरूनच करतो. त्याला इंग्रजी येत नाही.

कणकुंबी_पाऊस

महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या लोकांना रहिवासाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो, त्याबद्दल पण सांगा ना कुणीतरी.

येळ्ळूरकर

त्याचा वेगळा धागा काढा, इथे बुडून जाईल. मीही तिथे लिहीन, चुलत भावाचा दाखला मीच काढून आणला होता.

एक राहिलं. सध्या नोकरीत असाल आणि गुपचूप शोधत असाल, तर 'कामासाठी उपलब्ध' हे फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असं ठेवता येतं. फोटोभोवतीची हिरवी पट्टी लावली की सगळ्यांनाच दिसतं, मालकालासुद्धा. पहिल्या पर्यायात आपल्या कंपनीच्या लोकांपासून लपवायचा प्रयत्न ते करतात, पण शंभर टक्के हमी देत नाहीत. उद्यमबाग लहान आहे, सांभाळून.

खानापूरची_लेक

पाच आठवड्यांनी लिहितेय. ताई, अकरा जणींना चिठ्ठी पाठवली. चौघींनी उत्तर दिलं. दोघींनी नुसतं 'शुभेच्छा' म्हटलं. एकीने एसएपीचं कुठे शिकायचं ते सांगितलं. आणि चौथी, कॉलेजची मला नऊ वर्षं सिनिअर, तिने माझी बिलांची पोस्ट वाचून विचारलं, "इनपुटचा मेळ तू एकटी करतेस?" तिची मैत्रीण गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, तिला मदतीला माणूस हवंय. सोमवारी ११ वाजता बोलावलंय.

आई सोबत येणार म्हणते. चिठ्ठ्या सगळ्या तिला दाखवूनच पाठवल्या होत्या. बाबांना काल सांगितलं, काही बोलले नाहीत, पण सकाळी विचारलं की खानापुरातून किती वाजता निघावं लागेल. कुणी सांगेल का?

उद्यमबाग_८८

पोरी, साडेसहाला बेळगावात सीबीटी बसस्टँडला पोच. तिथनं कोल्हापूरची गाडी धर. अडीच-तीन तास धर रस्त्याला, निपाणीला थांबून जाते. कोल्हापूर स्टँडपर्यंत जायचं नाही, कागलनंतर हायवेलाच गोकुळ शिरगाव लागतंय. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून चढतानाच कंडक्टरला विचार. आईला खिडकीकडे बसव.

टिळकवाडी_ते_पुणे

आणि त्या बिलांचा मेळ कसा लावलास ते एका कागदावर लिहून ने. पार्टीचं नाव, नंबर खोडून. विचारतीलच.